जावेचं नाव गिरडच्या यादीत

माझी धाकटी जाऊ मत द्यायला माहेरी जायची आणि त्यावरून माझा नुसता जळफळाट व्हायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं त्याला कोणी शिस्त म्हणू नये, नियम म्हणू नये. हेवाच होता तो. एका चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोन बायकांत असतो तसला.

आम्ही मोठी आंजी या गावचे. घरात सासरे, सासूबाई, दोघं भाऊ, आम्ही दोघी जावा आणि पोरं. मी रोहण्याची, ती गिरडची. रोहणा आमच्यापासून तासाभरावर. गिरड तिकडं समुद्रपूर तालुक्यात, एसटीनं निघालं की अर्धा दिवस मोडतो. पण तिच्यासाठी गिरड जवळ होतं आणि माझ्यासाठी रोहणा लांब, हीच तर गोम होती.

माझं लग्न झालं तेव्हा हातावरची मेंदी जायच्या आत मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, माझ्यापुढं एक कागद ठेवला. "सही कर. तुजं नाव इकडच्या यादीत टाकून राह्यलो." मी केली. नव्या सुनेनं दुसरं काय करायचं? मामाजींना त्याचं भारी कौतुक. निवडणूक आली की सगळ्या रंगांचे लोक ओसरीवर येतात, हात जोडतात आणि विचारतात, घरचे किती मतं? तेव्हा आकडा सांगताना मामाजींची मान अशी काही ताठ होते, की जणू दावणीची गुरंच मोजून दाखवताहेत. त्या आकड्यातली एक मी. रोहण्याला मी जन्मात एकदाच मत दिलं, एकोणीस वर्षांची असताना, बाबांच्या मागं मागं शाळेत जाऊन. नंतर बाबा गेले, माय गेली, भाऊ नागपूरला राहायला गेला, घराला कुलूप लागलं. एकदा मोबाईलवर रोहण्याची यादी उघडून बसले होते. पान न् पान पाहिलं. आमच्या घरचं एक नाव नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी धाकटी आली. मामाजींनी तिच्यापुढंही कागद ठेवला. तर ही बया गोड हसली आणि म्हणाली, "पुढच्या बारीले करू ना मामाजी, आता कार्ड गिरडलेच राह्यलं." आणि मामाजी हो म्हणाले! मी परातीत कणीक मळत होते, माझे हात तिथंच थांबले. माझ्या वेळेला नव्हती का हो पुढची बारी? पुढच्या बारीला हिनं पुन्हा तेच केलं. कधी कार्ड सापडत नव्हतं, कधी फोटो जुना होता, कधी पोरगं तान्हं होतं. मामाजी दरवेळी हसून सोडून द्यायचे. त्या माणसाला हसता येतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग काय, लोकसभा असो की विधानसभा, मतदानाच्या आदल्या दिवशी हिचा भाऊ मोटारसायकल घेऊन दारात हजर. मत पडलंच पाहिजे, या एका गोष्टीवर आमच्या घरात कोणी चकार शब्द काढत नाही. कापूस फुटलेला असो, बाया मिळत नसोत, हिला सुट्टी. आदल्या दिवशी जायची ती मतदानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची. दोन रात्री माहेरी! कापसाच्या दिवसांत विदर्भातल्या कुठल्या सुनेला दोन रात्री माहेर मिळतं, सांगा बरं मला. आणि तेवढ्या दिवसांत तिच्या वाट्याचं धुणं, भांडी, तिच्या पोराचं दूध, सगळं कोणाकडं? आणखी कोणाकडं!

परत आली की बोट दाखवत फिरायची. तेही चाललं असतं, बोटाला काळं माझ्याही लागायचं. पण ती गोष्टी सांगायची. गिरडच्या तिच्या वर्गातल्या पोरींचं आपसात ठरलेलं होतं म्हणे, की लग्न झालं तरी माहेरच्या यादीतून नाव काढू द्यायचं नाही. कोणी हिंगणघाटला दिलेली, कोणी उमरेडला, कोणी पार चंद्रपूरला. मतदानाच्या दिवशी सगळ्या येणार आणि शाळेत बायांच्या रांगेत एकामागं एक उभ्या राहणार. "ताई, दोन घंटे रांग होती, पण कोणाले पुढं जायाचीच घाई नाई! मागच्या बायाले म्हणो, तुमी जा वं पुढं." आणि खिदळायची. मग घरी रोडगे, वांग्याची भाजी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून टेकडीवर जाणं. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, लागू दे की जरा ठेच.

माझी रांग कशी असायची तेही ऐका. डोक्यावर पदर, पुढं सासूबाई, त्यांच्यापुढं चुलतसासूबाई, आणि दोघींचं बोलणं एकच, माझ्या हातची भाजी खारट होते यावर. पुरुषांच्या रांगेतून मामाजींचं लक्ष, सून कोणाशी बोलते याच्यावर. पाच मिनिटांत मत, दहा मिनिटांत पुन्हा चुलीपुढं.

आता गंमत अशी, की आमच्या गल्लीत यादीच्या कामातली जाणकार मीच. बारावी झालेली, मोबाईल चालवता येतो, त्यामुळं सगळे माझ्याकडंच येतात. पोरगं अठराचं झालं की सहा नंबरचा फॉर्म. कोणी वारलं किंवा कायमचं निघून गेलं की नाव काढायला सात नंबर. पत्ता बदलला, नाव चुकलं की आठ नंबर. नवी सून आली की तिची सासू तिला माझ्यासमोर आणून बसवते. जुन्या कार्डावरचा नंबर, आधार, फोटो, मोबाईलवर आलेला ओटीपी, झालं. किती पोरींची नावं मी अशी त्यांच्या माहेरातून उचलून आंजीत आणली असतील! एखादीचा चेहरा पडायचा. मी म्हणायची, "रडतं काऊन वं? कागदच त आहे." खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. चला, आणखी एक आपल्यासारखी झाली.

फक्त घरातली तेवढी शिल्लक होती.

गेल्या विधानसभेच्या आधी, श्रावणात, अंगणवाडीच्या बाई यादी घेऊन घरोघर फिरत होत्या. आमच्या भागाच्या बीएलओ त्याच, म्हणजे कोण आलं, कोण गेलं, यादीशी ताडून पाहायचं काम त्यांच्याकडं. त्यांनी विचारलं, "घरचे सारे नावं बरोबर आहेत ना?" मी म्हटलं, "एक राह्यलं. धाकटीचं. नऊ वर्षं झाले, अजून गिरडलेच आहे." त्या म्हणाल्या, "मंग आठ नंबर भरून टाका, तुमाले त येतेच." आणि गेल्या पुढच्या घरी.

जाऊ शेतात निंदणाला गेली होती. तिचा फोन फळीवर चार्जिंगला होता. त्याला कुलूप कसलं, पोरं दिवसभर त्याच्यावर खेळतात. कागदांची पिशवी आम्हा दोघींच्या एकाच कपाटात. मी दार लोटून घेतलं आणि बसले. आठ नंबर उघडला. कार्डावरचा नंबर टाकला. तिच्या आधारवर पत्ता आंजीचाच होता, बँकेसाठी केव्हाच बदलून घेतलेला. फोटो काढला आधारचा, जोडला. ओटीपी तिच्या फोनवर आला, माझ्या बोटांनी भरला. अर्जाच्या शेवटी एक मजकूर असतो, की मी जाहीर करते, वरील माहिती खरी आहे. आणि खरीच होती हो! ती राहते आंजीत, खाते आंजीत, नांदते आंजीत. एक अक्षर खोटं नव्हतं त्या अर्जात. फक्त जी जाहीर करत होती ती तेव्हा तुरीच्या तासात वाकून गवत काढत होती. मेसेज आले ते मी पुसून टाकले आणि फोन होता तसा लावून ठेवला. त्या दिवशी मी पाटोडीचा रस्सा केला. जावेनं दोनदा मागून घेतला.

आठ दिवसांनी बीएलओ बाई खात्री करायला आल्या. नेमक्या सासूबाई दारात होत्या. "ही इथंच राह्यते ना?" बाईंनी विचारलं. "मंग कुठं राह्यीन?" सासूबाई म्हणाल्या. काम झालं.

त्यानंतर भाऊबीज आली. जाऊ जेमतेम एक रात्र गिरडला जाऊन आली आणि आल्या आल्या मला स्वयंपाकघरात गाठून सांगायला लागली. तिची माय जन्मभर मजुरी केलेली बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा, मतदानाच्या रजिस्टरात अंगठा. हिनं तिला सही शिकवायला घेतलं होतं. "ताई, या बारीले माय सही करून मत देणार आहे. यादीत आमचं नाव लागूनच आहे, तिच्या मागंच मी. ती सही करीन आन मी मागून पाह्यीन." डोळे असे चमकत होते की बस्स.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला व्हिडिओ कॉल. पलीकडून म्हातारी पाटी धरायची, अलीकडून ही ओरडायची, "माय, तिसरं अक्षर चुकलं! पुसून परत काढ!" नावात चारच अक्षरं, पण तिसऱ्यावर म्हातारी हमखास अडायची. जमलं की दोघी टाळ्या पिटायच्या. अंतराळातली बाई पाहावी तसं आमची पोरंही त्या फोनला चिकटून बसायची.

अशा वेळी कोणालाही वाटेल, की माझ्या काळजात चर्र झालं असेल. झालं, पण नंतर. आधी काय झालं ते सांगते. माझी मायही अंगठाच लावायची. मी बारावी झाले होते, रोहण्याला दहा वेळा गेले-आले असेन ती असताना. तिला सही शिकवावी हे माझ्या मनातही कधी आलं नाही. हिच्या कसं आलं? दहावी नापास झालेल्या या पोरीच्या? मी भाजी ढवळत उभी होते आणि म्हातारीचा तो पाटीवरचा वेडावाकडा आकार पाहून मला इतका राग आला, की कढईत मीठ दोनदा पडलं. सासूबाईंना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. नावं बदलायची मुदत संपली होती, ते खरं. पण निदान म्हातारीला कळलं असतं, की पोरगी मागं नसणार. पोरीला आधीच भांडून, रडून, नवऱ्याला मनवून नुसतं सोबत म्हणून तरी जाता आलं असतं. मी मूग गिळून बसले.

मतदानाला चार-पाच दिवस राहिले आणि बीएलओ बाई चिठ्ठ्या वाटायला आल्या. मामाजींची, सासूबाईंची, दोघा भावांची, माझी, आणि एक आणखी. जावेनं ती हातात घेतली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. "हे काय? माजं नाव इथं कसं?" बाई म्हणाल्या, "अर्ज आलता ना तुमचा." ही म्हणाली, "मी कुठं देल्ला अर्ज?" पण तोवर मामाजी खूश होऊन बसले होते. "झालं ते बेस झालं. आता सारे मतं घरचे घरी." तिच्या नवऱ्यानं तर, "पेट्रोल वाचलं," म्हणून विषयच संपवला. आणि कापूस पांढराफेक फुटलेला, वेचायला बाया मिळेनात. मत इथं, तर गिरडला जायचं काम काय?

ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडंच आली. दुसरं कोणाकडं जाणार? "ताई, तुमाले समजते यातलं. हे वापस होते का? गिरडच्या यादीत नसीन का अजून?" मी मोबाईल काढला. तिचा नंबर टाकला. आंजी आलं. मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं, अगदी मास्तरणीसारखं. की एका माणसाचं नाव दोन ठिकाणी राहू शकत नाही. इकडं आलं म्हणजे तिकडचं गेलं. ज्या गावी राहतो त्याच गावी नाव पाहिजे, असा कायदाच आहे. आता निवडणूक होईस्तोवर काही होत नाही. ती मान हलवत ऐकत होती. "माय काय म्हणन वं ताई," एवढंच म्हणाली. आणि मी, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात आठवला की आजही माझी मलाच शिसारी येते.

संध्याकाळी फोनवर तिनं मायला सांगितलं. म्हातारी म्हणाली, जमन, मी करीन एकटी. जाऊ त्या चार दिवसांत दिवसातून तीनदा सराव घ्यायला लागली.

मतदानाच्या दिवशी ती पहिल्यांदा आमच्या रांगेत होती. डोक्यावर पदर, सासूबाईंच्या मागं मी, माझ्या मागं ती. हेच तर मला पाहिजे होतं. नऊ वर्षं मनात धरलेलं अगदी डोळ्यांपुढं उभं होतं आणि मला वाटलं होतं, कसं गार वाटेल. काही गार वाटलं नाही. तिनं सही केली, बोट पुढं केलं, बटण दाबून आली. खिदळली नाही, कोणाला पुढं जा म्हणाली नाही. पोलिंगच्या बाईंनी तिला दोनदा सांगितलं, की इकडून बाहेर जा, तेव्हा कुठं ती हलली.

दुपारी आम्ही दोघी चुलीपाशी होतो तेव्हा गिरडहून फोन आला. तिचे हात पिठाचे, म्हणून तिनं स्पीकर लावला. "माय, केली सही?"

"नाई वं." म्हातारीचा आवाज अगदी हळू होता. "दोन अक्षरं काढले. तिसरं आठवेच ना. मागं पाह्यलं, तू नोहती. लोकं घाई करून राह्यले होते. तो बाबू म्हणे, आजी, राहू द्या, अंगठा लावा. मंग लावला अंगठा."

"असू दे माय."

"मत त गेलं ना माजं?"

"गेलं वं माय, गेलं. अंगठ्यानंई जाते."

"ते दोन अक्षरं चांगले आलते पण," म्हातारी म्हणाली.

फोन बंद झाला. जाऊ परातीकडं पाहत बसली. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब पिठात पडला, तो तिनं पिठासकट मळून टाकला. मी तिथून उठून जाऊ शकत होते. कोणालाच काही कळलं नसतं, सगळा दोष बीएलओ बाईंच्या माथी बसला होता. का कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं.

"मी भरला तो अर्ज. तुज्या फोनवरून. श्रावणात, तू निंदाले गेलती तेव्हा."

तिनं मान वर केली. मला वाटलं, आता परात अंगावर येते. आली असती तर बरं झालं असतं.

"काऊन?" तिनं विचारलं.

"तू जायची म्हणून."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उलटली. मग जाऊ बोलली, आवाज न चढवता.

"माहेर पायजे होतं त मागाचं होतं ना ताई. मी घेऊन गेली असती तुमाले. दर बारीले गेली असती. मायनं तुमच्यासाठीई रोडगे टाकले असते. पण माज्या मायची सही काऊन घेतली तुमी?"

आणि पुढची भाकरी थापायला लागली.

माफी मागायची होती हो मला. तोंड उघडलंही होतं. पण त्या घडीलाही मनात पहिलं आलं ते हेच, की हिच्याजवळ दुसरीला वाटून द्यावं एवढं माहेर आहे.